हरभऱ्यातलं अस्वल

यंदाच्या संक्रांतीच्या सुट्टीत मी सात दिवस अस्वल होतो. सकाळी चहा झाला की काळा केसाळ पोशाख अंगात चढवायचा, मागून वहिनीनं चेन ओढायची, डोकं काखेत मारायचं आणि वावरात जाऊन दिवस बुडेपर्यंत धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं फिरायचं. शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो. दहावीच्या पोरांना उत्क्रांतीचा धडा मीच देतो. त्याच माणसानं भर उन्हात अस्वलाचं सोंग घेऊन माकडांवर धावून जावं यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि गाव हसलंही. तुम्हीही हसा, मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते पुढच्या भागाचं.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बोथहून हायवेकडं येताना लागतं. मोठा भाऊ, वहिनी आणि माय तिथं राहतात. मी नेरडीगोंड्याच्या बाजूला, शाळेजवळ खोली करून राहतो. अंतर तासाभराचंही नाही, तरी मी गावी गेलो की दुसऱ्या दिवशी निघतो. मला एका जागी बसवतच नाही. खाटेवर बसलो तर पाय हलतो, उभा राहिलो तर किल्ली हातात फिरते. मायचं म्हणणं, याच्या पायाले भिंगरी हाये. दहाव्या वर्षी मला आदिलाबादच्या होस्टेलात घातलं, तेव्हापासून मी घरी पाहुणाच आहे, आणि पाहुण्यानं दोन दिवसांच्या वर राहू नये असं मीच ठरवून टाकलेलं.

सुट्टी लागली त्या दिवशी गोठ्यात गाडी लावली आणि फळीवर एक पुडा दिसला. जुन्या तेलुगू पेपरात गुंडाळलेला, वरून सुतळी. भाऊ बैलांना कडबा टाकत होता.

"हे काय आहे?"

"औषध."

"कशाचं?"

"वांदराचं," तो म्हणाला आणि पेंढी सोडत राहिला.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि डोकं भडकलं. मी बोललो, पुष्कळ बोललो. माणूस आहेस की कोण, टोळीत पिल्लं आहेत, पाण्यावर येणारी दुसरी जनावरं मरतील, ते काहीबाही. भावानं सगळं ऐकून घेतलं. त्याची ती सवयच आहे, समोरचा दमेपर्यंत ऐकतो. मग त्यानं मोजून सांगितलं की आधी भुईमूग गेला, मग मका गेला, मग मायच्या परड्यातली वांगी-टमाटे गेले. दोन वर्षं हरभराही घाट्यावर आला की लाल तोंडाची टोळी उतरते आणि चार दिवसांत काड्या ठेवते. गावात निम्म्या लोकांनी पऱ्हाटीशिवाय काही पेरणंच सोडलं, कारण कापूस तेवढा माकड खात नाही.

"यंदा हरभरा गेला तं मी बी सोडतो," तो म्हणाला. "पन सोडायच्या आंधी एक डाव त्याइले दाखवतो."

"अरे, आपलेच आहेत ते."

"हो ना. तू पोट्ट्याइले तेच शिकवते. वांदरापासून मानूस झाला."

हे वाक्य ऐकलं की माझं रक्त उकळतं. वर्गातही कोणी म्हटलं की मी खडू फेकतो. मी तेलुगूत शिकवतो, पण चिडतो मराठीत, हे पोरांना माहीत आहे. "वांदरापासून नाही," मी म्हणालो. "शंभरदा सांगितलं. वांदर आणि आपण एकाच म्हाताऱ्याच्या वंशातले. लय जुना म्हातारा. ते चुलत आहेत आपले."

"चुलत?" भाऊ हसला. "मंग बराबर हाये. हिश्श्याले आले असतील."

मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. तो मात्र लगेच गंभीर झाला. म्हणाला, "तुह्या सायन्सनं ते चुलत, मायच्या हिशोबानं मारुतीराया. एकजन म्हनते नातेवाईक, एकजन म्हनते देव. मंग माह्या वावरातला चोर कोन हाये, ते सांग ना मले."

मी म्हणालो, आठ दिवस सुट्टी आहे, आठ दिवस मी राखतो. एक घाटा जाऊ देणार नाही. तोपर्यंत हरभरा सोंगायच्या, कापायच्या वाटेला लागतो. पण तो पुडा फुटता कामा नये.

"जिम्मेदारी तुही?"

"माझी."

"आठ दिवस राहशीन तू अथी?" त्यानं असं विचारलं की मला रागच आला. राहीन म्हणून सांगितलं.

अस्वलाची युक्ती आमची नाही. पलीकडच्या गावातले तेलुगू शेतकरी मक्यात माणूस ठेवतात, अस्वलाचा पोशाख घालून फिरायला. माकडाला बुजगावणं कळतं, फटाकाही दोन दिवसांत कळतो, पण अस्वलाला ते बिचकतं. तिकडचा एक पोशाख रिकामा पडला होता, तो भावानं मागून आणला. आतून घामाचा वास, बाहेरून नायलॉनचे केस, तोंडाला लाल रबरी जीभ. पहिल्या दिवशी घालून ओसरीवर आलो तर मायनं पदर तोंडाला लावला. वहिनी खाली बसून हसली. "भाऊजी, लगन जमत नाई जमत नाई म्हनता, आता कसं जमंन?" म्हणाली. घरचं कुत्रं, ज्याला मी पिल्लू असताना बिस्किटं चारली, ते माझ्या पायाला लागलं आणि सोडेना.

वावरात मात्र पहिल्या दिवशी कमाल झाली. टोळी बाभळीवरून खाली यायच्या बेतात होती. मी तुरीच्या ओळीतून चार पायांवर निघालो, एकदा घुरकलो, आणि सगळी फांद्यांवर चढली. चिरचिराट नुसता. मी दुपारपर्यंत तरंगतच होतो. भावाला म्हटलं, बघ, औषध लागतं का? तो म्हणाला, "पाहू."

पण सात दिवस अस्वल होऊन फिरणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. डोळ्यांच्या भोकांतून समोरचं दिसतं, बाजूचं नाही. घाम गळ्यापासून पोटरीपर्यंत. खाजवायचं तर कुठं खाजतंय ते कळत नाही. चार पायांवर दहा पावलं गेलं की कंबर धरते. आपला वंश दोन पायांवर उभा राहिला म्हणून त्याची हाडं कशी बदलली, हे मी फळ्यावर काढून दाखवतो, आणि आता तीच हाडं मला शिव्या देत होती. फिरलो तरी चैन नाही, बसलो तरी नाही. सारखं वाटायचं, आत्ता पलीकडच्या कोपऱ्यात उतरली असतील. तिकडं धावायचो. मग वाटायचं, इकडं उतरली असतील.

आणि पाहायला समोर दुसरं काही नव्हतं, माकडंच होती. इतकी वर्षं त्यांच्याविषयी बोललो, पण इतका वेळ बसून त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. चित्रात आपण कवटी पाहतो, दात पाहतो. मला नुसते हात दिसायचे. नखं, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा. एक म्हातारी माकडीण होती, एका कानाचा तुकडा उडालेली. बांधावरचा एखादा चुकार घाटा तिच्या हाती लागला की ती तो अंगठ्यानं दाबून फोडायची, दाणा तोंडात, टरफल बाजूला. माय हरभरा सोलते ते अगदी असंच. मला ते आवडलं नाही. चुलत आहेत म्हणून मीच ओरडून सांगतो, तरी मायचा हात तिथं दिसला तेव्हा मला ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही याचाही राग आला.

ही म्हातारी बाकीच्यांसारखी पळायची नाही. पळायची, पण सगळ्यात शेवटी. आणि वर जाऊन बसली की माझ्याकडं पाहायची. कधी माझ्या पायाकडं, कधी पाठीकडं, जिथं चेन होती. तिच्या नजरेनं मी अस्वस्थ व्हायचो. पोशाखाच्या आत कोण आहे याचा हिला संशय आहे असं मनात यायचं, मग मीच मला दटावायचो की मास्तर, डोकं ठिकाणावर ठेवा.

दुसऱ्या दिवशी भाऊ भाकर घेऊन आला होता, गळ्यात गोफण. मी सावलीत डोकं काढून पाणी पीत होतो. तेवढ्यात दोन नर खालच्या अंगानं हरभऱ्यात शिरले. भावानं उभ्याउभ्या गोफण फिरवली आणि सोडली. दगड सणसणत गेला आणि नराच्या पुढं मातीत घुसला. नर उडी मारून मागं फिरला. दुसरा दगड दुसऱ्याच्या पुढं पडला. दोघंही पळाले.

मी म्हटलं, "बाबा गेल्यापासून गोफण मारतो तू, एक तरी लागला का कोणाला?"

"नाई बा," तो म्हणाला. "नेम नाई माहा."

मी त्याला खूप चिडवलं. होस्टेलच्या मैदानावर मी कव्हरला उभा राहायचो आणि तिथून एक स्टंप दिसत असला तरी उडवायचो. पोरांना मी खांदाही शिकवतो, धड्यात नसला तरी. चिंपांझी माणसापेक्षा किती ताकदीचा, पण माणसासारखा नेमका आणि जोरात दगड त्याला फेकता येत नाही. आपला खांदा, आपलं मनगट तसं घडलेलं आहे. हे सांगताना मी हात मागं नेऊन खडू फेकून दाखवतो आणि तो मागच्या भिंतीवर ठरल्या जागी लागतो. पोरं टाळ्या वाजवतात. भावालाही तसं करून दाखवलं, मातीच्या ढेकळानं. ढेकूळ बाभळीच्या बुंध्यावर फुटलं. तो "वा" म्हणाला आणि भाकरीचं गाठोडं सोडायला लागला.

असे सहा दिवस गेले. हरभरा शाबूत होता. पुडा फळीवर होता, मी रोज पाहायचो. रोज गाडी काढताना पाहायचो आणि रात्री जेवून हात धुवायला गेलो की पुन्हा पाहायचो. सुतळीची गाठ तशीच आहे ना, कोपरा फाटला नाही ना. भाऊ त्याविषयी बोलत नव्हता आणि मीही विचारत नव्हतो. माय मात्र खुशीत होती. तिळाचे लाडू दोनदा झाले. सातव्या दिवशी सकाळी तिनं मला डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "उद्याचा एकच दिवस राह्यला ना रे?" आणि मी चेन ओढायची घाई केली.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. शाळेचा होता. पोशाखाच्या हातानं तो काही उचलता येईना, म्हणून मी तुरीच्या आड जाऊन उजवा पंजा काढला, डोकंही काढलं, आणि बोललो. काही नाही, सुट्टीनंतरच्या परीक्षेचं वेळापत्रक. बोलून झालं आणि वर पाहिलं तर बाभळीच्या खालच्या फांदीवर म्हातारी. माझ्यापासून फार लांब नव्हती. माझ्या तोंडाकडं नाही, उघड्या हाताकडं पाहत होती.

मी घाईनं डोकं चढवलं. पंजाही चढवला. आता काय उपयोग. ती हळूच खाली उतरली, धुऱ्यावर बसली आणि काखेत खाजवायला लागली. मी चार पायांवर धावलो. ती बसलीच. मी घुरकलो. तिनं मान वाकडी करून पाहिलं, आणि उठून, पळत नाही, चालत हरभऱ्यात गेली. ओळीच्या मधोमध बसून एक झाड उपटलं. मग एक उतरलं, मग दुसरं, मग सगळी टोळी.

मी डोकं काढून फेकलं आणि ओरडायला लागलो. मराठीत, तेलुगूत, जे तोंडाला येईल ते. एका बाजूची हाकलली की दुसऱ्या बाजूची येत. पोशाखाचे पाय हरभऱ्यात अडकत होते, मीच जास्त झाडं तुडवत होतो. दोन वाफे तरी गेले असतील. आणि डोक्यात एकच, की आता भाकर घेऊन भाऊ येणार, हे पाहणार, आणि पुडा फोडणार. ही सगळी उद्या धुऱ्यावर मरून पडणार. यांना वाचवायला मी सात दिवस या गोधडीत उकडतोय आणि हिला अक्कल नाही. मी तिच्यावरच चिडलो. ती शांतपणे सोलून खात होती. मी उजवा पंजा दातांनी ओढून काढला, धुऱ्यावरचा दगड उचलला, आणि मारला.

दगड कानाच्या वर लागला. ती ओरडली नाही. चक्कर आल्यावर माणूस बसतो तशी आधी नीट बसली आणि मग एका अंगावर झाली.

टोळी क्षणात बाभळीवर गेली. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा श्वास चालू होता. हातात हरभऱ्याचं झाड तसंच धरलेलं. मी बाटलीतलं पाणी तोंडावर सोडलं, ते गालावरून मातीत गेलं. डोळे उघडे होते पण ती कुठं पाहत होती ते कळेना. मी तिच्या छातीला हात लावला. वर्गात मी हृदयाचे चार कप्पे शिकवतो, आणि तिथं बसून मला काहीही सुचलं नाही. थोड्या वेळानं हाताखालचं थांबलं.

भाऊ आला तेव्हा मी तसाच बसलो होतो, अंगात पोशाख, डोकं उघडं. त्यानं भाकरीचं गाठोडं धुऱ्यावर ठेवलं. वाफे तुडवलेले पाहिले, माकडीण पाहिली, रक्त लागलेला दगड पाहिला.

"गोफनीनं?"

"हातानं."

तो उकिडवा बसला आणि दुपट्ट्यानं तिच्या तोंडावरच्या माशा हाकलायला लागला. मग म्हणाला, "समोर टाकायचा असते ना बे. अंगावर नसते मारायचा."

"मला काय माहीत?"

"मले वाटे तुले माहीत हाये." तो माझ्याकडं न पाहता बोलत होता. "बाबानं मले महिनाभर नुसत्या ढेकळाइवर गोफन मारायले लावली. टाकला तथी दगड पडला पायजे. नेम पक्का झाल्याबिगर वांदराकडं गोफन फिरवू देये नाई. म्हने, नेम नसंल तं एखांद्या दिवशी लागंल त्याले."

एवढी वर्षं हा माणूस दर हंगामात हजार दगड माकडांच्या नाकासमोर टाकत होता, आणि मी त्याच्यावर हसत होतो.

त्यानं तिला दुपट्ट्यात उचललं. गावात पोचलो तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. "वावरात गेली," एवढंच भाऊ म्हणाला. कोणीतरी स्वतःच म्हटलं, वायरले लागली असंन, आणि तेच ठरलं. आमच्याकडे गावात माकड मेलं तर माणसासारखं सगळं करतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण असं जवळून पाहिलं नव्हतं. बांबूची तिरडी झाली. नवं कापड आलं. वहिनीनं हळद-कुंकू आणलं. टाळवाले आले. वरच्या आळीतली तेलुगू माणसं डप्पू, त्यांचे डफ, घेऊन आली, त्यांचा तो आंजनेय, आमचा मारुती. सकाळीच यांतल्या निम्म्यांनी आपापल्या परड्यात या टोळीवर फटाके फोडले होते, शिव्या दिल्या होत्या, आणि आता गुलाल उधळत होते. मला संताप आला. म्हटलं, काय ढोंगी लोक आहेत. आणि मग आठवलं की यांनी फटाकेच फोडले होते.

मायनं पुढं होऊन म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. रडली. मी दोन हात अंतरावर उभा होतो. "माय, मीच मारलं," हे तीन शब्द बोलायचे सोडून मी तिरडीची सुतळी आवळायला वाकलो. तिरडीला खांदा देताना भावानं मला पुढं घेतलं. वजन काहीच नव्हतं.

मारुतीच्या ओट्यामागं खड्डा केला, मीठ टाकलं, पुरलं. ज्याच्या वावरात गेली त्यानं केस द्यायचे, अशी रीत. भाऊ न्हाव्यापुढं बसला. त्याचं झालं तेव्हा मी जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. गावातला एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाहा, मास्तर सायन्सचा मानूस, तरी बसला. घरचं वळन लागते त्याले." लोकांनी माना डोलावल्या. वस्तरा डोक्यावरून फिरत होता आणि मी मान खाली घालून ते कौतुक ऐकून घेतलं. इतका हलकटपणा मी आयुष्यात केलेला नाही.

नंतर आम्ही दोघं बोअरवर अंघोळीला गेलो. भाऊ बादली भरत होता. मी विचारलं, "आता ते औषध?"

"कोनतं?"

"फळीवरचं."

"ते तं मिठाचा पुडा हाये, ढोराइचा." त्यानं बादली माझ्याकडं सरकवली. "औषध आनलं होतं खरं. रागात आनलं. तू यायच्या आंधल्या बाजारी वापस नेऊन देल्लं. हात नाई होत ना, बावा. पेपर तोच राह्यला, त्यात मीठ बांधलं."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी गेला असता," तो म्हणाला. "सात दिवस राह्यला तू. माय खुश होती."

मी अंगावर पाणी घेतलं. मग पुन्हा घेतलं. भावाशी बोलायला लागलो असतो तर मारामारी झाली असती किंवा मी रडलो असतो, आणि मला दोन्ही नको होतं. मला मोटरसायकल हवी होती. संध्याकाळीच निघतो म्हणालो. मायनं ऐकलं आणि लाडवांचा डबा भरायला घेतला, मग झाकण न लावताच बाजूला ठेवला. मी राहिलो.

आठव्या दिवशी सकाळी टोळी पुन्हा हरभऱ्यात होती. मी पोशाख घातला नाही. भाऊ मुंडण केलेल्या डोक्यावर दुपट्टा बांधून धुऱ्यावर उभा होता आणि गोफण फिरवत होता. यावेळी मी दगडाकडं नाही, तो पडतो त्या जागेकडं पाहत राहिलो. प्रत्येक वेळी माकडाच्या पुढं हातभर अंतरावर. माकड हललं तर दगडही तितकाच पुढं. एकही चुकत नव्हता.

शाळा उघडली. हेडमास्तर खुर्चीतून उठून बाहेर आले, माझं डोकं पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि तेलुगूत हळूच विचारलं, आई का? मी नाही म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही, सुतकात माणसाला खोदून विचारू नये म्हणून. क्लार्कनं पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो प्यालो.

दहावीच्या वर्गात मी शिरलो तेव्हा पोरं अशी उभी राहिली की बाकाचाही आवाज झाला नाही. सुट्टीआधी खांद्याचं चित्र अर्धं काढून ठेवलं होतं, ते कोणी पुसलं नव्हतं. मी खडू घेतला, पण हात वर जाईना. वर्गातली अर्धी पोरं घरी मराठी बोलतात, आणि आमच्या भागात बातमी माणसाच्या आधी पोचते. पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. धीट आहे, परीक्षेतही मलाच उलटे प्रश्न विचारते.

"सार, तुमच्या वावरात मारुती गेला म्हने. वायरले लागून."

"नाही," मी म्हणालो. "मी दगड मारला."

मागं कोणीतरी हसलं, मास्तर चेष्टा करतात असं वाटून, आणि माझ्याकडं पाहून गप्प झालं. पोरगी उभीच होती.

"काऊन, सार?"

त्या धड्यातला असा एक प्रश्न नाही ज्याचं उत्तर मला येत नाही. हाडं, दात, शेपूट, अंगठा, काहीही विचारा. भावाचं, पुड्याचं, हरभऱ्याचं, सगळं सांगता आलं असतं.

"मला राग आला होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि खाली बसली. घरी हात उगारणाऱ्याच्या तोंडून रोज ऐकलेलंच उत्तर पुन्हा ऐकावं, तशी बसली.